मंदावलेल्या प्रकाशाची साक्ष

एखाद्याविषयी ‘आम्हांला सगळे ठाऊक आहे’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला केव्हा मिळतो? हा प्रश्न न्यायालयापुरता नाही, आपल्या ओटीवरच्या गप्पांचाही आहे. आकाशाचे निरीक्षण करणाऱ्यांकडून याबाबत आपल्याला काही शिकता येईल.

दूरच्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह त्या ताऱ्याच्या झगमगाटात सहसा दिसत नाही. पण तो ताऱ्यासमोरून गेला, तर ताऱ्याचा प्रकाश किंचित मंदावतो. याला अधिक्रमण म्हणतात. २००४ व २०१२ साली शुक्राने केलेले सूर्याचे अधिक्रमण आपल्याकडूनही दिसले होते.

सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो येथे डेव्हिड शार्बोनो आणि टिमथी ब्राऊन यांनी अवघ्या १० सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीने ‘एचडी २०९४५८’ या ताऱ्याकडे पाहिले. ९ तारखेच्या रात्री त्याचा प्रकाश दीड टक्क्याच्या आसपास घटला. तेथील ग्रहाची फेरी साडेतीन दिवसांची, म्हणजे दोन फेऱ्यांना सात दिवस. १६ तारखेला प्रकाश पुन्हा तसाच घटला. दुसऱ्या ताऱ्याच्या ग्रहाचे अधिक्रमण माणसाने प्रथमच टिपले होते.

पुढे २००९ ते २०१८ या काळात केपलर दुर्बिणीने दीड लाखांहून अधिक तारे न्याहाळले. तेथे नियम असा की, निदान तीन वेळा प्रकाश घटल्याशिवाय ग्रहाचा उमेदवार मानायचा नाही. कारण एखाद-दुसरी घट योगायोगाची किंवा उपकरणातील गोंधळाचीही असू शकते. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पृथ्वीसारखा ग्रह असेल, तर प्रकाश एक शतांश टक्क्याहूनही कमी घटतो, तोही वर्षातून एकदा. पहिल्या खुणेपासून तिसरीपर्यंत दोन वर्षे थांबावे लागते.

आणि आपण? शेजाऱ्याचा चेहरा एके दिवशी उतरलेला दिसला, की संध्याकाळपर्यंत त्याच्या घरची कहाणी आपल्याकडे तयार असते. दुसऱ्या खुणेची वाट कोण पाहतो? निर्जीव ग्रहाबाबत पाळला जाणारा संयम जिवंत माणसाच्या वाट्याला येऊ नये काय?

दुसरी बाजूही आहे. पृथ्वीसारख्या सुमारे दोनशे ग्रहांपैकी एखाद्याचीच कक्षा अशी असते, की तो आपल्याला ताऱ्यासमोरून जाताना दिसावा. बाकीचे असतात, फक्त आपल्या नजरेच्या रेषेत येत नाहीत. म्हणून ‘दिसले नाही’ म्हणजे ‘नाही’ असे निरीक्षक म्हणत नाही. एखाद्याचा चांगुलपणा आपल्याला दिसला नसेल, तर आपण कोठे उभे आहोत, हेही पाहिले पाहिजे.

या आठवड्यात कोणाविषयी बोलण्यापूर्वी एवढेच स्वतःला विचारू या: हे आपण किती वेळा पाहिले, आणि कोठून?