मालाची लिफ्ट

गेल्या जुलैत लोणावळ्यात पावसाने चार दिवस घराबाहेर पडू दिलं नाही, तेव्हा शेजारच्या अण्णांकडे बसून आम्ही ‘रेस’ पाहिला. सैफ अली खानचा नव्हे, २०१६चा, जेसी ओवेन्सवरचा. (अण्णांनी आधी सैफचाच लावला होता. धावपटू कुठे दिसेना तेव्हा शंका आली.) काळा पोरगा, १९३६चं बर्लिन, हिटलर, चार सुवर्णपदकं, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. शेवटी न्यूयॉर्कच्या हॉटेलात ओवेन्सचा सत्कार असतो आणि त्या सत्काराला खुद्द त्यालाच पुढच्या दाराने जाऊ देत नाहीत, मागून मालाच्या लिफ्टने वर पाठवतात. हे खरंच घडलेलं आहे. तिथे अण्णा हळहळले. “काय माणसं ही! आपल्याकडे बाकी काय असेल ते असेल, पण खेळात असलं कधी नव्हतं.”

मी चहा पीत होतो. बाहेर ओट्यावर पन्हाळ साफ करायला आलेला माणूसही चहा पीत होता. माझा कप बशीसकट होता. त्याचा कानतुटका, एरवी खिडकीत पालथा घातलेला असतो तो. आमच्याही घरी असा एक कप होता. तो मी फेकला म्हणून गेला असं सांगायला आवडलं असतं, पण तो आपला आपणच फुटला.

अण्णांना मी बाळू पालवणकरांची गोष्ट सांगितली. जन्म १८७६चा, चर्मकार कुटुंबातला. पुण्यात पारशांच्या क्लबात झाडलोट करायची, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, पगार महिना तीन रुपये. पुढे गोऱ्यांच्या क्लबात चार झाले. तिथे ग्रेग नावाच्या साहेबाला सरावासाठी गोलंदाजी करायची. ग्रेग बाद झाला की दर वेळी आठ आणे, असं सांगतात. साहेबाला हा पोरगा चकवतो ही बातमी पसरली, तशी पुण्याच्या हिंदू क्लबाला त्याची गरज वाटू लागली. घेतलं त्याला. चेंडू त्याच्या हातून घ्यायला कुणाची हरकत नव्हती. चहाच्या सुट्टीत मात्र सगळे आत चिनी मातीच्या कपांतून पीत, आणि बाळूला बाहेर, खापराच्या भांड्यातून. जेवणही वेगळं.

“पण संघात घेतलंच ना?” अण्णा म्हणाले. “आणि पुढे पंगतीतही घेतलं असेल.”

घेतलं, पुढे घेतलं. तरी माझा घोळ इथेच आहे. संघात घेणं आणि पंगतीत घेणं या दोन गोष्टी मी कित्येक वर्षं वेगळ्या धरत आलो आहे. संघ माणसाचा हात बघतो, पंगत त्याचं कूळ. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना हरवलं त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. एवढं होऊनही हिंदू संघाचं कर्णधारपद काही त्यांना मिळालं नाही. १९२०मध्ये उपकर्णधार केलं, आणि कर्णधार पै थोडा वेळ मैदानाबाहेर गेले, तेवढ्यापुरते बाळू कर्णधार. धाकटा भाऊ विठ्ठल कर्णधार व्हायला १९२३ उजाडलं.

अण्णा रेल्वेतून निवृत्त झालेत, आणि त्यांच्याशी कुठल्याही विषयावर बोला, गाडी बोरघाटात येतेच. कर्जतला मुंबईकडून आलेल्या गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात. सदतिसास एकचा चढ, ती मागून रेटत वर आणतात. लोणावळ्याला सुटतात आणि मुकाट खाली परततात. गाडीतल्या माणसाला पत्ता नसतो, तो खिडकीतून चिक्की घेत असतो. अण्णांची हयात त्या इंजिनांत गेली आणि त्यांचा याबद्दलचा राग अजून ताजा आहे. “नाव कुणाचं? डेक्कन क्वीनचं!” मी म्हटलं, अण्णा, रोलर फिरवणारा बाळू तुमचाच बँकर. हे त्यांना पटलं. लगेच म्हणाले, “मग एवढ्या मोठ्या खेळाडूलासुद्धा बाहेर चहा? चुकलंच हे.”

मी जिंकलो होतो. पण घरी येताना तो ‘सुद्धा’ मला टोचू लागला. एवढ्या मोठ्या खेळाडूलासुद्धा म्हणजे काय? लहान खेळाडूला चाललं असतं? ओवेन्स बर्लिनमध्ये चौथा आला असता, तर मालाची लिफ्ट त्याला शोभली असती? बाळूंवर चित्रपट निघायला हवा असं मी सांगत फिरतो. पण त्या चित्रपटात टाळ्या ११४ बळींना पडतील, आणि पंगतीतली जागा त्या बळींनी विकत घेतलेली असेल. म्हणजे माझा लाडका भेद कोसळलाच. पंगतही शेवटी हातच बघू लागली, आणि मी त्याला प्रगती म्हणत होतो. ओट्यावरच्या माणसाने कधी कुणाचा त्रिफळा उडवलेला नाही.

आमच्याच तालुक्यात, तळेगावला, बाबासाहेबांचा बंगला आहे. बाळूंचं त्यांना कौतुक होतं. तरी १९३७च्या निवडणुकीत मुंबईत बाळू काँग्रेसकडून त्यांच्याच विरोधात उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी पडले. मला ती लढत आता वेगळी दिसते. गुण दाखवला की दार उघडतं, याचा बाळू हा जिवंत दाखला. दार उघडायला गुण कशाला लागावेत, हा समोरच्याचा प्रश्न.

पुढच्या पावसात मी अण्णांना नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ दाखवला. नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरं, फुटबॉल, अमिताभ. कॉलेजच्या संघाशी सामना झाला आणि अण्णा खूश झाले. मग पासपोर्ट, पोलिसांतली जुनी प्रकरणं, ओळखीचा कागद मिळवायला दारोदार फिरणारी आदिवासी मुलगी. अण्णा चुळबुळू लागले.

“मॅच तर मध्यंतरालाच संपली,” ते म्हणाले. “पुढे नुसती कागदपत्रं.”

चहा आला होता. मी उठून खिडकीतला कप शोधला. तो जागेवर होता.