भरवशाचा कोन

सावकाश बसा. श्वासाला घाई नको. गाडीच्या स्टिअरिंगमागे, शाफ्टभोवती बसवलेलं एक छोटं मॉड्यूल मनासमोर आणा. स्टिअरिंगचं चाक किती अंशांनी वळलं ते मोजायचं, एवढंच त्याचं काम.

आता त्याच्या आत पाहा. बऱ्याच मॉड्यूलांत दोन चिमुकले गिअर असतात, दोन्हींवर चुंबक. एकाला दुसऱ्यापेक्षा दाते कमी. चाक वळतं तसे दोघांचे कोन एकमेकांपासून सरकत जातात आणि त्या फरकातून चाकाची नेमकी जागा कळते. दोघांचा हिशेब जुळला नाही, तर बिघाड आपल्यातच आहे हे मॉड्यूलला उमगतं.

इथे थोडं थांबा. स्वतःला तपासायचं तर एकच मोजमाप पुरत नाही.

पुढे चला. गाडीतल्या मॉड्यूलांना जोडणाऱ्या कॅन बसवरून हा कोन सेकंदाला कित्येकदा धाडला जातो. सोबत एक खूणही जाते: हा आकडा वापरावा की नाही. गाडीला घसरण्यापासून सावरणारी ईएसपी यंत्रणा तो कोन घेते, आणि गाडी खरोखर किती वळतेय, चाकं किती वेगाने फिरताहेत, याच्याशी ताडून पाहते. क्षणभराच्या गडबडीवर निवाडा होत नाही. चूक टिकून राहिली, तरच बिघाडाचा कोड नोंदला जातो.

दोन कोड मनात धरा. यू०४२८: मॉड्यूल बोलतंय, पण बोलणं ग्राह्य नाही. यू०१२६: त्याच्याकडून काहीच येत नाही. गप्प झालेल्याला आपली अडचण सांगता येत नाही. ती ऐकणाऱ्यानेच नोंदवायची असते.

मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. ईएसपी बाजूला होते. साधे ब्रेक आणि स्टिअरिंग सहसा चालू राहतात. हे बाजूला होणं नीट समजून घ्या. चुकीच्या कोनावर विसंबून ईएसपीने भलत्याच चाकाला ब्रेक लावला, तर सरळ चाललेली गाडी ओढली जाईल. मदत थांबवणं त्याहून सुरक्षित.

आता स्वतःकडे वळा. आपल्या कोणत्या शब्दावर आज कुणीतरी विसंबून आहे? त्याची खात्री उरली नसेल, तर तसं आजच कळवा. आणि रोज बोलणारं कुणी गप्प झालं असेल, तर त्याच्या सांगण्याची वाट पाहू नका. चौकशी तुम्ही करा.