कुंपण आणि पीक



आमच्या तलवाड्याच्या पारावर पूर्वी पावसाच्या आणि कापसाच्या भावाच्या गोष्टी चालत. आता त्यांच्या जोडीला देव आहे की नाही, लस घ्यावी की नाही, आरक्षण कोणाला, अमुक राजा कोणत्या जातीचा, हेही विषय आले. मोबाइलमुळे तर पारच घरात शिरला आहे. वाद वाढले याचे मला दुःख नाही. अर्जुनाने शंका काढली नसती तर गीता झाली नसती. प्रश्न विचारणे हे आपल्या परंपरेत पाप नाही. विचार करण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. आपली बाजू खरी आहे, म्हणून ती वाटेल त्या रीतीने जिंकावी का?

न्यायशास्त्रात गौतमांनी कथेचे तीन प्रकार सांगितले आहेत. येथे कथा म्हणजे गोष्ट नव्हे, दोन पक्षांनी समोरासमोर बसून केलेली चर्चा. पहिला प्रकार वाद. तत्त्व कळावे म्हणून प्रमाण आणि तर्क धरून जे बोलणे होते तो वाद. दुसरा जल्प. येथे जिंकणे हाच हेतू, म्हणून छलही चालतो. तिसरी वितंडा. वितंडा करणारा स्वतःचा पक्ष मांडतच नाही, समोरच्याचे तेवढे खोडतो. आपण सरसकट सगळ्याच भांडणाला वाद म्हणतो, पण शास्त्राने हा शब्द फार वरच्या जागी ठेवला आहे.

छल म्हणजे काय, याचा शास्त्रातला दृष्टांत गमतीचा आहे. एकजण म्हणाला, हा मनुष्य नवकंबल आहे. त्याला म्हणायचे होते की याच्याजवळ नवे घोंगडे आहे. दुसरा लगेच म्हणाला, याच्याजवळ नऊ घोंगडी कुठे आहेत? एकच तर दिसते! बोलणाऱ्याचा अर्थ त्याला कळला नव्हता असे नाही. कळूनही त्याने दुसरा धरला. कोणाचे अर्धे वाक्य तोडून गावभर फिरवतात, तेव्हा हेच घोंगडे फिरत असते.

आता पूर्वपक्ष ऐका. कोणी म्हणेल, महाराज, समोरचा खोटे बोलतो, धर्माची टिंगल करतो, मग आम्हीच नियम का पाळावेत? शिवाय गौतमांनीच जल्प आणि वितंडेला जागा दिली आहे. कोवळ्या अंकुराच्या रक्षणासाठी जसे काट्याच्या फांद्यांचे कुंपण घालतात, तसे तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी हे दोन्ही आहेत, असे ते म्हणतात.

शंका रास्त आहे आणि दाखलाही खरा आहे. पण तो नीट पाहा. गेवराईकडचा कोणताही शेतकरी बोरी-बाभळीचे काटे बांधावर टाकतो. तासात काटे कोणी पेरत नाही. कुंपणाला किंमत आहे ती आतल्या पिकामुळे. रोज चार जणांना निरुत्तर करणाऱ्याने स्वतःला विचारावे, माझ्या आत काय उगवले आहे? ज्या धर्मासाठी मी भांडतो, त्याचा एक अध्याय मी समजून वाचला का? ज्या विज्ञानाच्या नावाने मी दुसऱ्याला अडाणी म्हणतो, त्यातला एक तरी प्रयोग मला सांगता येईल का? आत पेरणीच नसेल तर ते कुंपण नव्हे, नुसते काटे.

कोणी असेही म्हणेल की संतांनीही दांभिकांवर कडक शब्द टाकले. टाकले खरे. पण तुकोबांनी स्वतःचे दोष देवापुढे जितक्या उघडपणे मांडले, तितके आपण मांडतो का? त्यांचा कोरडा आधी स्वतःच्या पाठीवर पडत होता.

ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणेशाचे रूपक आहे. त्यात माउलींनी तर्काला देवाच्या हातातला परशू म्हटले आहे, आणि संवादाला दात. त्या दाताचा शुभ्र रंग म्हणजे समता. परशू हत्यार आहे, हातात घेता येते, खाली ठेवता येते. दात अंगाचाच भाग असतो. तर्क वापरावा, पण संवाद अंगी असावा, असा मी याचा अर्थ घेतो.

आपल्या पिढीने जादूटोणाविरोधी कायद्याचा वाद पाहिला. या कायद्याने वारी-कीर्तनावर गदा येईल, अशी भीती अनेक वारकऱ्यांना होती. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे म्हणणे होते की विरोध अघोरी प्रथांना आहे, श्रद्धेला नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. त्यात नरबळीसारख्या प्रथा गुन्हा ठरल्या, आणि प्रदक्षिणा, यात्रा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही, असे कलमात स्पष्ट लिहिले गेले. शंका बोलून दाखवली, तिचे उत्तर लेखी मिळाले. हे वादाचे फळ. गोळीने मात्र एकही मुद्दा खोडला नाही. आपल्याला दाभोलकरांचे विचार पटोत वा न पटोत, हे म्हणायला वारकऱ्याची जीभ अडखळू नये.

मग गप्प बसावे का? तेही नाही. पांडुरंगाच्या मंदिरात हरिजनांना प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजी महाराष्ट्रभर बोलत फिरले, आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले. विरोध मोठा होता, सनातनी शास्त्राधार काढत होते. गुरुजींनी आपला पक्ष तसूभर सोडला नाही, पण कष्ट दिले ते स्वतःच्या देहाला. १० मे रोजी उपोषण सुटले आणि विठोबाचे दार उघडले.

यातून मला एवढे निष्पन्न दिसते. बोलण्याआधी समोरच्याचे म्हणणे त्याच्यासमोर असे मांडावे, की तोच म्हणेल, हो, मला हेच म्हणायचे आहे. मग आपला पक्ष सांगावा, वितंडेमागे लपू नये. खोटा आधार आपल्या सोयीचा असला तरी टाकावा. असत्याच्या टेकूवर उभा केलेला धर्म टेकूबरोबर पडतो.

आणि शेवटी वारकऱ्याची स्वतःची कसोटी आहेच. आपण भेटलो की एकमेकांच्या पाया पडतो, वय आणि जात विचारत नाही. ज्याच्याशी वाद झाला, त्याच्या पायावर दुसऱ्या दिवशी डोके ठेवता येईल, एवढेच बोलावे. त्यापुढचा शब्द तोंडात आला, तर त्याच्या जागी नाम घ्यावे.

राम कृष्ण हरी.