चौथी खुर्ची

अमेरिकेत आर्किटेक्चरच्या पदवीला मान्यता देणारे मंडळ 1940 मध्ये स्थापन झाले. कॉलेज तपासायला येणाऱ्या त्याच्या पथकात वर्षानुवर्षे चौघे असत: एक प्राध्यापक, एक व्यवसाय करणारा आर्किटेक्ट, एक परवाना देणाऱ्या मंडळांचा माणूस आणि एक विद्यार्थी. हा चौथा शोभेपुरता नसे. अहवाल ठरवताना त्याचेही मत धरले जाई.

त्याला वेगळे काय दिसते? बाकीचे फायली चाळतात, ग्रंथालयातली पुस्तके मोजतात, निवडक शीट न्याहाळतात. विद्यार्थ्याची नजर स्टुडिओतल्या टेबलाखाली गुंडाळून ठेवलेल्या चादरीवर जाते. सबमिशनच्या आदल्या रात्री किती जण घरी गेले, काम तपासणाऱ्या जुरीत कोणाला सगळ्यांदेखत रडवले, हे त्याला विचारावेसे वाटते आणि मुलेही त्याच्याशी मोकळेपणाने बोलतात.

या खुर्चीमागे 1956 पासून काम करणारी ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्चर स्टुडंट्स’ ही संघटना आहे. रात्रभर जागून गाडी चालवताना विद्यार्थ्यांना अपघात होत होते. संघटनेने स्टुडिओ-संस्कृतीच्या अभ्यासासाठी गट नेमला आणि 2002 मध्ये त्याचा अहवाल आला. जागरणाला निष्ठा समजणे आणि जुरीत अपमान करण्याला शिकवणे म्हणणे, या दोन्ही गोष्टींवर त्याने बोट ठेवले. अशा अहवालांचे पुढे काय होते, हे आपल्याला नवे नाही. पण इथे मान्यता मंडळाच्या आतच विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी बसलेले होते. 2004 च्या निकषांत प्रत्येक कॉलेजकडे स्टुडिओ-संस्कृतीचे लेखी धोरण असावे, अशी अट आली. पुढे नावे बदलली, तरी हा विषय 2020 च्या निकषांतही राहिला.

अर्थात, लेखी धोरणाने झोप मिळत नाही. कित्येक ठिकाणी ते तपासणीपुरते बाहेर निघत असणार. तरीही विभागप्रमुखाला त्याविषयी अधिकृतपणे प्रश्न विचारता येतो, हे लहान नव्हे.

भारतात विद्यार्थी संघटना नाही असे नाही. ‘नासा इंडिया’ (अंतराळवाली नव्हे) 1957 पासूनची. तिच्या अधिवेशनांना आणि स्पर्धांना देशभरातून मुले येतात, मुंबई-पुण्याचीही. संघटन आहे, उत्साह तर उतू जातो; अधिकार मात्र नाही. 1972 च्या आर्किटेक्ट्स ॲक्टचे कलम 3 वाचावे. वास्तुकला परिषदेत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचे पाच, शिक्षणसंस्थांच्या प्रमुखांमधून पाच, प्रत्येक राज्याचा एक आर्किटेक्ट, इंजिनिअरांच्या संस्थेचे दोन, सर्व्हेअरांच्या संस्थेचाही एक. पाच वर्षे फी भरून ज्याची पदवी या परिषदेच्या शिक्क्यावर अवलंबून असते, त्याचा एकही नाही.

विद्यार्थ्याला खुद्द परिषदेत बसवायचे तर संसदेत दुरुस्ती करावी लागेल, आणि ती लवकर होईल असे मानण्यात अर्थ नाही. तपासणीचे तसे नाही. कलम 19 प्रमाणे कॉलेजांसाठी निरीक्षक परिषदेची कार्यकारी समिती नेमते. किती नेमायचे, हेही तीच ठरवते. शिकत असलेला विद्यार्थी नको असेल, तर दोन-तीन वर्षांपूर्वी स्टुडिओतून बाहेर पडलेली, नुकतीच नोंदणी झालेली एखादी आर्किटेक्ट त्या पथकात घेऊन सुरुवात करता येईल. जुरीचा तो हॉल तिला अजून नीट आठवत असेल.