कल्हई गेलेले भांडे

परवा आमच्या सौभाग्यवती फोनवर मुलीला सांगत होत्या, "अगं, यांची टॅबलेट फार जुनी झाली आहे, आता बदलायलाच हवी." ओसरीवर बसलेल्या शेजाऱ्यांनी ते ऐकले आणि मोठ्या काळजीने मला विचारले, "रक्तदाबाची का गुरुजी? मुदत संपलेली गोळी घेत जाऊ नका!"

मला हसू आले. ही टॅबलेट गिळायची नव्हे, वाचायची. माझी मुलगी तिला 'टॅब' म्हणते, म्हणून मीही म्हणतो. पण मागाहून वाटले, शेजाऱ्यांनी नकळत नेमके दुखते तेथेच बोट ठेवले होते. औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटावर मुदत छापलेली असते. ती तारीख उलटली की विचार करावा लागत नाही. माझ्या टॅबच्या पाठीवर असले काही छापलेले नाही. मग तो जुना झाला हे ठरवायचे कोणी, आणि कशावरून?

हा टॅब मुलीने मला 2017 च्या दिवाळीत दिला. शाळेची नोकरी संपून मी तेव्हा नुकताच घरी बसलो होतो. डोळ्यांची कुरकूर सुरू झाली होती. बोटांनी चिमटा सोडवावा तसे केले की अक्षर हवे तेवढे मोठे होते, हा शोध लागला तेव्हा हरवलेले पुस्तकांचे कपाट परत सापडल्यासारखे वाटले. मी तो फार जपून वापरला. जुनी वस्तू टिकवण्याचा मला थोडा गर्वच आहे, म्हणा ना! एकाच सायकलवर नोकरीची सारी वर्षे काढलेला मी माणूस.

त्यातून मी भंडाऱ्याचा. भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचे गाव. आमच्या घरात आईच्या लग्नातला एक गुंड अजून आहे. तो कितीदा पडला, पोचला, ठोकून सरळ झाला. पण जुना झाला असे कोणी म्हटले नाही. फारच चेपलेले भांडे घेऊन बाजारात गेले, तरी कासार ते तागडीत घालतो, मोडीचा भाव लावतो, आणि वर थोडे पैसे टाकले की नवे भांडे हाती येते. जुन्याचे पितळ भट्टीत जाऊन पुन्हा कोणाच्या तरी संसारात शिरते. धनत्रयोदशीच्या खरेदीत कोणाचे काही वाया जात नाही. असल्या गावात वाढलेल्या माणसाला 'जुने' या शब्दाचे भय वाटत नाही.

म्हणून टॅबने पहिला त्रास दिला, तेव्हा मी त्याला टाकायला तयार झालो नाही. ही 2021 ची गोष्ट. सकाळी पूर्ण भरलेली बॅटरी दुपारच्या चहाला संपायची. मी एस.टी.ने नागपूर गाठले. दुरुस्तीच्या दुकानातल्या पोराने मला एक धडा दिला. तो म्हणाला, "यंत्र मंदावले म्हणजे म्हातारे झाले असे नसते. कधी साठवण भरलेली असते. नको ते फोटो काढून टाकले की चालू लागते. कधी बॅटरी थकलेली असते. काही शे वेळा भरून रिकामी झाली की तिची धारणा कमी होणारच. ती बदलली की झाले. मात्र फुगलेली दिसली तर एक दिवसही वापरू नका. ती पेट घेऊ शकते." त्याने बॅटरी बदलली. नव्या टॅबच्या मानाने खर्च किरकोळ झाला. परतीच्या गाडीत मी मोठ्या विजयाने बसलो होतो.

पण यंदा आक्रीत घडले. काच धड, बॅटरी धड, आवाज खणखणीत. आणि बँकेचे अ‍ॅप एका सकाळी म्हणाले की, या यंत्रावर मी यापुढे चालणार नाही! टॅब बनवणाऱ्यांनी सुरक्षेसाठी वरचेवर पाठवायचे बदल केव्हाच थांबवले होते. त्याला जुना झिजेने केले नव्हते; कोणीतरी दूर बसून केले होते.

ही काही माझ्या एकट्याची कथा नव्हे. पहिला आयपॅड 2010 च्या एप्रिलात विक्रीस आला, आणि 2012 च्या सप्टेंबरात निघालेली नवी प्रणाली त्याला मिळालीच नाही. उणीपुरी अडीच वर्षे! दुसरा आयपॅड 2011 चा. त्याच्या वाट्याला नवी प्रणाली येणे 2016 साली थांबले. दोन भावंडे, पण एकाचे आयुष्य दुसऱ्याच्या दुप्पट. युरोपात मात्र 20 जून 2025 पासून नवा नियम लागू झाला आहे. मोबाइल आणि टॅबची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे त्यांना असे बदल मिळत राहावेत, अशी त्यात तरतूद आहे. गोळीच्या पाकिटावर मुदत छापण्याच्याच दिशेने हे पाऊल म्हणायचे. आपणही दुकानात शिरताना किमतीच्या आधी विचारावे, की या मॉडेलला बदल अजून किती वर्षे मिळणार? आणि ती वर्षे आपण विकत घेतल्या दिवसापासून नव्हे, मॉडेल बाजारात आले तेव्हापासून मोजली जातात का, हेही विचारावे. सवलतीत मिळालेल्या जुन्या मॉडेलचे निम्मे आयुष्य पुष्कळदा दुकानाच्या फळीवरच संपलेले असते.

असो. मी नवा टॅब मागवला. आता जुन्याचे काय? उत्तर मला फार सुरेख सुचले. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंची मुलगी बारावीत आहे. आईच्या लहानशा मोबाइलवर डोळे ताणून ती शिकवण्या ऐकते. तिला टॅब द्यावा! मी तो पुसला, माझी खाती त्यातून काढली, आणि जरा समारंभानेच तिच्या हाती ठेवला. त्या रात्री मला गाढ झोप लागली. दान केल्याची झोप निराळीच असते.

चौथ्या दिवशी मुलगी दारात उभी. टॅब तिने ओढणीत गुंडाळून आणला होता. आईच पुढे होऊन म्हणाली, "गुरुजी, रागावू नका जी. पोरीचं शिकवणीचं अ‍ॅप याच्यावर उघडतच नाही. घरी ठेवला त बिघडून जाईल, म्हनून वापस आनला."

त्या मायलेकींच्या चेहऱ्यावर संकोच होता. खरे तर तो माझ्या चेहऱ्यावर असायला हवा होता. मी काहीतरी पुटपुटलो. त्या गेल्यावर सौभाग्यवतींनी चुलीपुढून, म्हणजे गॅसपुढून, एकच वाक्य टाकले : "कल्हई गेलेल्या भांड्यात कोणी कोणाला ताक देतं का?"

भंडाऱ्याच्या माणसाला याहून अधिक सांगावे लागत नाही. पितळेला कल्हई लागते. भाता फुंकायचा, भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा आणि कथलाचा पातळसा थर कापसाने आतून फिरवायचा. भांडे तेच राहते. पण तो थर असला तरच त्यात ताक, चिंच, आमटी ठेवता येते. थर गेला की आंबट पदार्थ कळकतो, आणि खाणाराच्या पोटात विष जाते. म्हणून भांडे काही कोणी फेकत नाही. त्यात पाणी भरावे, धान्य ठेवावे. ताक मात्र ठेवू नये. टॅबला येणारे ते बदल म्हणजे कल्हईच. कल्हईवाला गल्लीत यायचा थांबला, आणि मी तेच भांडे कोरे करकरीत म्हणून एका मुलीच्या हाती दिले होते.

मी माझ्या मनाशी हिशेब मांडून पाहिला. वस्तू टिकवावी हे माझे म्हणणे काही खोटे नव्हते. आमच्याच जिल्ह्यात तुमसरकडे डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण आहे. तिथले खनिज सेल-बॅटऱ्यांच्या कामी येते. तो डोंगर कसा कोरला जातो हे ज्याने पाहिले आहे, त्याला कोणतीही बॅटरी हलकी वाटत नाही. माझ्या टॅबमधली बॅटरी निराळ्या जातीची. पण तिच्यासाठीही कोणत्या तरी गावाची जमीन खणली गेलीच असणार. अशा लहान यंत्राला जन्मभर लागणाऱ्या विजेपेक्षा त्याच्या घडणीतच निसर्गाचा अधिक खर्च होतो. तेव्हा नुसते नवे आले म्हणून जुने टाकणे हा उधळेपणाच. टाकलेल्या यंत्रांच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर घालणारे नियम आपल्याकडेही 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. पण नियम झाले म्हणून आपली जबाबदारी सरत नाही.

हे सारे खरे. माझी चूक निराळीच होती. बदलण्याची वेळ मी केवळ माझ्या सोयीने ठरवली. माझे भागते तोवर चिकटून राहायचे. भागेनासे झाले की दुसऱ्याला द्यायचे. आणि पहिल्याला काटकसर म्हणायचे, दुसऱ्याला दान. टॅब मी दोन वर्षे आधी दिला असता तर तिला तो दोन वर्षे पुरला असता. पितळेला मोडीचा भाव केव्हाही येतो. असल्या यंत्राचा भाव मात्र दर दिवाळीला विरघळत जातो. त्याला धरून बसणे नेहमीच काटकसर नसते. कधी कधी तो कंजूषपणाचा सोज्ज्वळ अवतार असतो.

आणि मग पुढचा, अधिक अवघड प्रश्न आला. दोघांत एक नवा आणि एक जुना असेल, तर नवा कोणाचा? आपल्याकडे याचे उत्तर ठरलेले. नवे घरच्या वडीलमाणसाला, जुने कामाच्या माणसाला. पण मी टॅबवर करतो काय? जुनी पुस्तके वाचतो, भजने ऐकतो. म्हणजे पाणी आणि धान्य. ताकाचा व्यवहार तिचा आहे : शिकवण्या, परीक्षेचे अर्ज, उद्याची नोकरी. कल्हईचे भांडे तिच्याच घरी हवे होते.

नवा टॅब आला तेव्हा त्याचे खोके मी न उघडताच बाईंच्या पुढे ठेवले. त्यांनी हात मागे घेतला. "फुकट नको जी. मले सवय लागन." शेवटी असे ठरले की तो उसना. पोरीची परीक्षा झाली की ती तो परत करील, किंवा कमावती झाल्यावर पैसे देईल. मी मान्य केले. न मान्य करून सांगतो कोणाला!

आता बँकेच्या कामाला मी पायी जातो. "तेवढाच व्यायाम," असे सौभाग्यवती म्हणतात, आणि माझ्या त्यागाविषयी एक अक्षरही बोलत नाहीत. हा लेख त्यांनी वाचला तर, तुम्हीच तुमची भांडी किती वाजवणार, असे मात्र नक्की म्हणतील.

दिवाळीच्या आवराआवरीत आईचा गुंड चिंचेने घासून निघाला आहे. फळीवर त्याच्या शेजारीच माझा जुना टॅब ठेवतो. रात्री दिवे लागले की तो उघडून बसतो. अक्षरे अजून हवी तेवढी मोठी होतात.