केबिनमधील सामान

मनुष्याला जगण्यास नेमके किती लागते? पर्यटक-जहाजावरील केबिन या प्रश्नाचे उत्तर रोखठोकपणे देते. साध्या केबिनला जेमतेम 150 ते 175 चौरस फूट जागा. त्यातच पलंग, स्नानगृह आणि अरुंद कपाट. कपडे कपाटात लावावेत, रिकाम्या बॅगा पलंगाखाली सरकवाव्यात. भिंती बहुधा पोलादी पत्र्याच्या असतात. त्यांवर चुंबकाचे हूक लावून टोप्या व पिशव्या टांगता येतात.

एवढे करूनही जागा अपुरी पडते, ती ‘असू दे, लागेल कदाचित’ या वृत्तीमुळे. या शब्दांमागे गरजेपेक्षा भयच अधिक असते. शिवाय केबिनमध्ये आपण सहसा एकटे नसतो. माझ्या चपलांच्या चौथ्या जोडाने अडवलेला खण सोबत्याच्या वाट्याचा असतो. सोयीचा वाटणारा प्रश्न येथे न्यायाचा होतो.

ती खोली आवरणारा कर्मचारी अनेकदा आपला गोव्याचाच असतो. तो खालच्या मजल्यावर, याहून लहान खोलीत, सहकाऱ्यासह कित्येक महिने काढतो. त्याच्या अडचणीला वैराग्य म्हणून गौरवणे अन्यायाचे ठरेल. मात्र आपल्या पसाऱ्याचा भार त्याच्या पाठीवर पडतो, याचे भान आपण ठेवावे.

प्रवासाच्या शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून दाराबाहेर ठेवतात. जवळ औषधे, कागदपत्रे व सकाळचे कपडे एवढेच उरते. संकटसमयी तर तेवढीही सोबत असेलच असे नाही. जीवरक्षक नौकेतील जागा माणसांच्या हिशेबाने मोजलेली असते.

वाचकहो, बॅग भरताना ‘मला काय लागेल?’ हे आपण विचारतोच. ‘यामुळे कोणाची जागा अडेल?’ हेही विचारावे.