वारा पाहणारा आणि मूठ धरणारा

वाचनपाठ : उपदेशक 11:1-6, यशया 28:23-29



उपदेशकाच्या अकराव्या अध्यायात एका मनुष्याची हकीकत एकाच ओळीत आटोपली आहे. तो वाऱ्याचा रोख व ढगांचा रंग पाहत राहिला, आणि त्याचे वावर पडीक राहिले. हे वचन आपल्या मंडळ्यांतून पुष्कळ वेळा वाचले जाते व बहुतकरून आळशावर लावले जाते. आमच्या मते हे बरोबर नाही. आळशी मनुष्य आकाशाकडे पाहतच नाही. तो घोंगडी पांघरून निजलेला असतो. उपदेशकाने ज्याच्याविषयी लिहिले तो जागा आहे. त्याने बी निवडून ठेवले आहे, पाभर सुताराकडून नीट करून आणली आहे, बैलही दाराशी उभे आहेत. आणि तरीही त्याची मूठ चाड्यावर जात नाही. हे दुखणे आळसाचे नव्हे, भयाचे आहे. आळशाला दिलेले औषध भित्र्याला दिले तर गुण येत नाही.

आणखी एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. पवित्र शास्त्रात पेरणीचा उल्लेख आला की आपल्या डोळ्यांपुढे मृगाचा पाऊस उभा राहतो. परंतु पॅलेस्टाईन देशात उन्हाळा कोरडा जातो, पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो, आणि तो पडल्यावर जमीन नांगरून जव व गहू पेरतात. याकोबाने ज्या पहिल्या पावसाविषयी लिहिले तो हाच. प्रभूच्या दाखल्यातील पेरणारा जो बाहेर निघाला तो आपल्या रब्बीच्या शेतकऱ्याचा भाऊबंद होय. म्हणून हा विषय उत्तरा व हस्ताच्या दिवसांत काढणे आम्हांस योग्य वाटले.

आता एका दूरच्या देशाची गोष्ट सांगतो. 1813 साली गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे ज्या अमेरिकेतून मुंबईस आले, त्या अमेरिकेत पुष्कळ लोक शरद ऋतूत असे एक पीक पेरतात की ज्याचा एक दाणाही ते घरी आणीत नाहीत. ते पीक हरणांसाठी असते. रानाच्या कडेला, झाडीतील मोकळ्या जागेत, एक-दोन एकरांचा, कधी त्याहूनही लहान तुकडा तयार करतात आणि त्यात सलगम, मोहरीच्या कुळातील इतर पाला, ओट, गहू, राय व क्लोव्हर पेरतात. पांढऱ्या शेपटीची हरणे तेथे चरावयास येतात, आणि शिकारीचा काळ उघडला म्हणजे पेरणारा तेथे दबा धरून बसतो. शिकारीविषयी आम्हांस जे म्हणावयाचे ते पुढे म्हणू. आज आम्हांस त्याची बंदूक नको, त्याची पंचांगाची वही हवी आहे; कारण केव्हा पेरावे या एका प्रश्नावर हे लोक उन्हाळाभर जो विचार करतात त्यात आपल्याला शिकण्याजोगे पुष्कळ आहे.

ते पुढून मागे मोजतात. आपल्या भागात गोठवणारी थंडी साधारण कोणत्या आठवड्यात पडते हे धरून तेथून ते मागे येतात. सलगमाला अंगाने भरावयास दोन महिन्यांहून अधिक दिवस लागतात. म्हणून मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन अशा उत्तरेकडील राज्यांत ते जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या पूर्वार्धात पेरतात. ओट ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंत. गहू व राय त्यानंतरही चालतात. राय तर एवढे काटक धान्य आहे की जमीन गार पडल्यावरही उगवते आणि बर्फाखाली हिरवे राहते. दक्षिणेकडे, जॉर्जिया व अलाबामा येथे, हाच हिशेब सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत उतरतो. एकच देश, एकच हरीण, परंतु वेळ दोन महिन्यांनी निराळी. शेजारच्या गावाच्या पेरणीवर आपली पेरणी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

या पाल्याविषयी एक मौज आहे. सलगमाचा पाला ऑगस्ट-सप्टेंबरात हरणे पुष्कळदा हुंगून सोडून देतात. दहिवर पडले, दोन-चार रात्री कडाका झाला, म्हणजे त्याच पाल्यात गोडी उतरते आणि मग हरणे त्यावर तुटून पडतात. ज्या थंडीने ओट मरते त्याच थंडीने सलगम गोड होते. नवखा पेरणारा सप्टेंबरात निराश होऊन म्हणतो की माझे बी वाया गेले. जाणता नोव्हेंबरची वाट पाहतो.

तर मग सर्वांनी लवकरच पेरावे काय? नाही. घाई करणाऱ्याचे पीक शिकारीच्या दिवसांपर्यंत जून होते, तण त्यावर चढते. दक्षिणेत तर लवकर उगवलेल्या कोवळ्या पिकावर लष्करी अळी येते आणि तीन-चार दिवसांत वावर धुऊन नेते. गव्हाची गोष्ट याहून बोधप्रद आहे. तेथे हेसियन नावाची एक माशी आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूने आलेल्या जर्मन शिपायांच्या पेंढ्यांतून ती आली असे लोक समजत, म्हणून त्या शिपायांचे नाव तिला मिळाले. शरद ऋतूत ही माशी निघते, थोडेच दिवस जगते, आणि तेवढ्या दिवसांत तिला गव्हाचे कोवळे पान मिळाले तर त्यावर अंडी घालते. न मिळाल्यास निष्फळ मरते. म्हणून ओहायो राज्यात गहू कोणत्या तारखेनंतर पेरावा हे ठरलेले आहे : उत्तर भागात 22 सप्टेंबर, आणि दक्षिणेकडे जाता जाता 5 ऑक्टोबरपर्यंत. त्या तारखेपूर्वी हात आवरून धरणे हे तेथील शेतकऱ्याचे भय नव्हे, ते त्याचे शहाणपण आहे.

आपल्याकडे हे कोणास नवीन आहे? रब्बी ज्वारीचा काळ सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा. त्याआधी पेरली तर खोडमाशी पोंगे मारते. त्यानंतर पेरली तर जमिनीतील ओल खाली जाते, आणि मालदांडीसारखे चिवट वाणही कणीस भरण्याच्या वेळी तहानेले राहते. (नक्षत्रांची नावे घेतो म्हणून कोणी अडखळू नये. हस्त म्हणजे सूर्याच्या वाटेवरील एक मुक्काम. तो आपल्याला वेळ सांगतो. कृपा किंवा कोप करणे त्याच्या हाती नाही. शेतकऱ्याने त्याच्याकडे घड्याळाकडे पाहावे तसे पाहावे.)

एवढे सांगितल्यावर उपदेशकाचे वचन आपोआप उलगडते. तो ढगाकडे पाहू नको असे म्हणत नाही. त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात त्याने लावण्याचा समय व उपटण्याचा समय निरनिराळा सांगितला आहे. तेव्हा जो समय ओळखावयास शिकवतो तोच समयाकडे डोळे मिटावयास कसा सांगेल? पाहणे हे मुठीच्या चाकरीत असावे. वाफसा आला की नाही हे मनुष्य ढेकूळ हातात फोडून पाहतो आणि पाभर जुंपतो. तेथे पाहणे संपले. पण वाफसा आला, तारीख आली, आणि तरी "आणखी एक पाऊस होऊ दे" असे म्हणून जो बांधावर बसला, त्याच्यावर आता ढग राज्य करू लागला आहे. अमेरिकेतील पेरणाऱ्यांतही असे पुष्कळ असतात. पावसाचे अनुमान आता घटकाघटकाला हातातल्या यंत्रावर मिळते. ते सकाळी पाहावे, दुपारी पाहावे, रात्री पाहावे, आणि जितके अधिक पाहावे तितका हात जड व्हावा, असा अनुभव आपल्या खेड्यांतही येऊ लागला आहे. अनुमान वाईट नव्हे. परंतु कोणतेही अनुमान पेरणी करून देत नाही.

येथे आम्हांस थांबून एक गोष्ट कबुलीने सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून हा उपदेश खोटा होईल. त्या शिकाऱ्याची पेरणी फसली तर बियाण्याची एक थैली व दोन सुट्यांचे श्रम गेले. त्याच्या घरी चूल पेटतेच. तुमच्यापैकी ज्याने बी उसने घेतले आहे, खताची उधारी दुकानाच्या वहीत आहे, त्याचा हात चाड्यावर थरथरतो तो काही अविश्वासाने नव्हे. नुसता शिडकावा होऊन गेला, बी फुगले, मोड आला आणि पुन्हा पंधरा दिवस ऊन पडले, तर ते बी कोरड्यात पडून राहण्यापेक्षाही वाईट. कोरडे बी वाट पाहू शकते, मोड आलेले बी पाहू शकत नाही. दुबार पेरणी हा शब्द आम्ही व्यासपीठावरून सहज उच्चारतो, आणि तो ज्याच्या घरात शिरतो तेथे मुलीची शाळा सुटते, बैल बाजारात जातो. अशा मनुष्यास "विश्वास ठेव व पेर" एवढेच सांगून घरी जाणारा उपदेशक, तो उपदेशकाच्या ग्रंथाचा नव्हे. कारण तो ग्रंथ तेवढेच सांगून थांबत नाही.

अकराव्या अध्यायातील दुसरे व सहावे वचन काढून पाहा. आपला वाटा सात जणांना, आठ जणांना दे, असे एकात आहे. सकाळी पेर आणि सायंकाळीही हात सोडू नको, कारण कोणते फळास येईल हे तुला ठाऊक नाही, असा दुसऱ्याचा आशय आहे. ही शेतकऱ्याची भाषा आहे. जाणता अमेरिकन पेरणारा नेमके हेच करतो : तुकड्याच्या अर्ध्या भागात ऑगस्टमध्ये सलगम, आणि उरलेल्या अर्ध्यात महिन्याने राय. ऑगस्ट कोरडा गेला तर राय आहे. सप्टेंबर फसला तर सलगम आहे. आपल्या वडीलधाऱ्यांनी ज्वारीच्या ओळींत करडई घातली, एका कोपऱ्यात हरभरा ठेवला, ते याच बुद्धीने. ज्याला पुढचे कळत नाही त्याने सर्व मुठी एकाच दिवशी उधळू नयेत. देवाने पुढचे झाकून ठेवले हे पाहून हात आखडणे ही एक रीत, आणि हात वाटून देणे ही दुसरी. उपदेशक दुसरी सांगतो. आणि मंडळीत ज्याच्या कणगीत बी शिल्लक आहे त्याला सात-आठ वाटे कोणते हे निराळे सांगावे लागू नये. ज्या शेजाऱ्याचे पहिले बी करपले त्याच्या दाराशी दोन पायली पोहोचणे हाही त्या वचनाचाच अर्थ आहे.

आता शिकारीचा प्रश्न. चारा पेरून जनावर बोलवावे आणि मग मारावे, हा विश्वासघात नव्हे काय, असे कोणी विचारील. त्या देशातील ख्रिस्ती लोकांतही याविषयी एकमत नाही. पुष्कळ राज्यांत धान्याचा ढीग टाकून त्यावर टपून बसणे कायद्याने मना आहे, पण उभ्या पिकावर आलेले हरीण मारणे मना नाही. हरणांची गर्दी एका ढिगावर झाली की त्यांच्यातील झिजेचा रोग पसरतो असे भय आहे, म्हणूनही 2019 पासून मिशिगनच्या दक्षिण द्वीपकल्पात ढीग टाकण्यास बंदी घातली गेली. शास्त्राने हरणाचे मांस शुद्ध म्हटले आहे (अनुवाद 14:5), शिकार्‍याने रक्त मातीने झाकावे अशी आज्ञाही केली आहे (लेवीय 17:13). घेतलेला जीव आपला नव्हता एवढे स्मरण त्या मातीत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे ही हरणे काही लाखच उरली होती. 1937 साली बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्य प्राण्यांच्या संगोपनास लावण्याचा कायदा झाला, शिकारीला मर्यादा पडल्या, आणि आज ती कोट्यवधी आहेत. आमचे स्वतःचे मन त्या मचाणाकडे वळत नाही. तथापि नोव्हेंबरात एक हरीण नेणाऱ्याच्या त्या तुकड्यावर पुढे हिवाळाभर दहा हरणे, ससे व रानकोंबडे जगतात, हेही खरे आहे, आणि न्याय करणारा आम्ही नव्हे.

आपल्या देशात ही वाट बंद आहे, हे मात्र स्पष्ट सांगतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट, चिंकारा यांची शिकार हा मोठा गुन्हा आहे. कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे अभयारण्य 1980 साली काळविटांसाठीच झाले, आणि त्या बाजूचे शेतकरी जाणतात की आपण न बोलावताच हा पाहुणा ज्वारीच्या कोंबांवर येतो. नुकसानीची भरपाई सरकारकडून मिळते. तिच्यासाठी पंचनामा वेळेवर करून घ्यावा, आणि अक्षर न येणाऱ्यास धर्मशिक्षकाने अर्ज लिहून द्यावा. कुंपणाच्या तारेत वीज सोडू नये. त्या तारेने काळवीट मरते, आणि अंधारात पाणी द्यावयास गेलेला शेजारीही मरतो. निर्गम 23 मध्ये सातव्या वर्षी जमीन पडू द्यावी, गरिबांनी खावे आणि उरेल ते रानपशूंनी खावे, असे सांगितले आहे. म्हणजे देवाच्या हिशेबात रानपशूचाही एक वाटा लिहिलेला आहे.

धर्मशिक्षक बंधूंस एक सूचना. येत्या रविवारी सायंकाळच्या उपासनेत यशया 28:23-29 वाचावे. शेतकऱ्याला जिरे कोठे टाकावे, गहू कोठे, जव कोठे, आणि कोणते धान्य काठीने झोडावे व कोणते चाकाखाली घालावे, ही समज त्याच्या देवाने दिली असे तेथे आहे. वाचून झाल्यावर आपण लगेच बोलू नये. मंडळीतील सर्वांत वृद्ध शेतकऱ्यास उभे करून विचारावे की, बाबा, या वर्षी तुम्ही मूठ कोणत्या दिवशी धरणार, आणि कशावरून? त्याचे बोलणे संपेपर्यंत पुस्तक मिटू नये.